समेट : आधी उठायचे कोणी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ख्रिस्ती क्षमाशिकवणीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख मनापासून लिहिलेला होता. उधळ्या पुत्राचा दाखला त्यात होता, वधस्तंभावरून येशूने आपल्या मारेकऱ्यांसाठी केलेली प्रार्थनाही होती. शेवटी वाचकांना सांगितले होते की, ज्यांनी दुखावले त्यांना क्षमा करा, झाले गेले विसरा, देवाशी समेट झाला की माणसांशी तो आपोआप होतो. या 'आपोआप'पाशी मी अडलो. शास्त्रातले मला फार कळते असे नाही. पण या शब्दाच्या आडोशाला मी चार वर्षे बसून होतो, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त हिशेबनीस आहे. वय अडुसष्ट. आमच्या चर्चमध्ये तीसेक वर्षे रविवारचा शास्त्रपाठ वाचतो. वडील शेवटच्या आजारात असताना त्यांच्या खात्याचा हिशेब माझ्याकडे होता. ते गेल्यावर वही आणि पासबुक यांचा ताळा जुळेना. एक मोठी रक्कम एकाच दिवशी काढलेली दिसत होती आणि ती कशासाठी काढली याची कुठे नोंद नव्हती. त्या दिवसांत वडिलांना बँकेत घेऊन जाणारा माझा धाकटा भाऊ होता. घरच्या बैठकीत दोन आत्या, काका आणि भावजय यांच्यासमोर मी वही उघडली, त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणालो, "आकडा खोटं बोलत नाही." भाऊ एवढेच म्हणाला, "दादा, मी घेतले नाहीत." मग तो आणि भावजय उठून गेले. त्यानंतर सात वर्षे आमचे बोलणे नव्हते.

त्यातल्या तिसऱ्या वर्षी वडिलांचे जुने गीतपुस्तक चाळताना मधल्या पानांत घडी घातलेली एक पावती सापडली. वडिलांनी आपल्या एका जुन्या स्नेह्याचे कधीचे देणे फेडले होते. स्नेह्याच्या हातची 'रक्कम पोचली' अशी ओळ, खाली सही. तारीख तीच होती आणि रक्कमही पैशापर्यंत तीच.

मी पावतीची घडी पुन्हा घातली आणि ती होती त्याच पानांत ठेवली. त्या रात्री गुडघे टेकून मी खूप रडलो, देवाकडे क्षमा मागितली आणि उठलो तेव्हा खरोखर हलके वाटले. ते हलकेपण खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. देवाने ऐकले होते, याविषयी मला शंका नाही. पण त्याने मला काय सांगितले ते मी ऐकून घेतले नाही. भावाला फोन केला नाही. रविवारमागून रविवार शास्त्रपाठ वाचत राहिलो, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षारस, घेत राहिलो, आणि मनाशी म्हणत राहिलो की देवाशी माझा हिशेब चुकता आहे, बाकीचे त्याच्या वेळेला होईल. अशी चार वर्षे गेली.

एका रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय वाचायची पाळी माझी होती. येशूचे डोंगरावरचे प्रवचन. तेविसावी आणि चोविसावी ओवी मी त्याआधी कितीदा वाचली असेल, सांगता येणार नाही. दान घेऊन वेदीजवळ आला आहेस आणि तिथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. इतकी वर्षे मी हे उलटे ऐकत आलो होतो. भावाविषयी तुझ्या मनात काही असेल तर, असे. त्या दिवशी ओळीवर बोट ठेवून वाचताना ते बोट 'तुझ्याविरुद्ध' या शब्दावर थांबले. बैठकीत वहीवर ठेवले होते तेच बोट. आवाज अडखळला. पाठ कसाबसा पुरा करून जागेवर येऊन बसलो. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचे ताट आमच्या बाकापर्यंत आले तेव्हा मी ते न घेता पुढे दिले. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिले.

ज्यांनी ही ओवी पहिल्यांदा ऐकली त्यांच्यासाठी तिचा अर्थ काय होता, हे जरा डोळ्यांसमोर आणून पाहावे. ऐकणारे गालिलातले होते. अर्पण वाहायची वेदी यरुशलेमच्या मंदिरात, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर दूर, काही दिवसांची पायपीट. एवढे चालून माणूस पोचला आहे, अर्पणाचे जनावर हाताशी आहे, याजक समोर उभा आहे. आणि येशू म्हणतो, ते तिथेच ठेव आणि गावी परत जा. मोबदल्यात उपास कर किंवा दान दुप्पट दे, अशी कसलीही सवलत त्यात नाही. देवाची सेवा वेदीसमोर अर्धी थांबून राहते आणि देव त्याला तयार आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या ओवीत याची दुसरी बाजू आहे. तिथे येशू म्हणतो की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. म्हणजे क्षमा उभ्या जागी करता येते. समोरचा माणूस दूर असो, पश्चात्ताप न पावलेला असो, अगदी या जगात नसो, तरी करता येते. ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले त्याला मात्र चालत जावे लागते. क्षमा आणि समेट या दोन गोष्टी आपण बोलताना एकच करून टाकतो, आपल्या पुरवणीतल्या लेखातही तसेच झाले आहे. क्षमेला एक माणूस पुरतो, समेटाला दोन लागतात.

मग देवाशी समेट म्हणतात तो काय? ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा तोच आहे आणि तो मला कमी लेखायचा नाही. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने रोमकरांस, म्हणजे रोमच्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिले की आपण शत्रू असतानाच देवाने आपल्या पुत्राच्या मरणाच्या द्वारे आपला स्वतःशी समेट केला. आपण सुधारल्यावर नव्हे, त्याच्याकडे वळल्यावरही नव्हे. ज्याचा अपराध झाला तोच आधी उठून आला. समेटासाठी पौल जो ग्रीक शब्द वापरतो, 'कातालागे', तो मूळचा अदलाबदलीचा. नाणी बदलून देण्याच्या व्यवहारातही तो चाले. हिशेबनीस म्हणून मला हे फार भावते. वैर घेऊन मैत्री देणारी बदली, आणि तिचा तोटा देणाऱ्याने स्वतः सोसलेला.

पण पौलाने समेटाचे हे सर्वांत प्रसिद्ध शब्द कोणाला लिहिले तेही पाहायला हवे. करिंथकरांस दुसरे पत्र, पाचवा अध्याय. देवाने आम्हांला 'समेटाची सेवा' दिली आहे, तुम्ही देवाशी समेट करा, अशी विनवणी. करिंथची ही मंडळी त्या वेळी खुद्द पौलावरच नाराज होती. दुसऱ्या अध्यायात तो एका दुःखदायक भेटीचा आणि पुष्कळ अश्रू गाळत लिहिलेल्या पत्राचा उल्लेख करतो. आणि देवाशी समेट करा असे विनवल्यावर पानभर मजकूर जात नाही तोच, सातव्या अध्यायाच्या आरंभी, तो म्हणतो की आम्हांला तुमच्या अंतःकरणात जागा द्या. देवाशी समेट आणि माझ्याशी समेट, एकाच पत्रात, एकाच दमात. पौलाला हे आपोआप होईल असे वाटत असते, तर ते रडून लिहिलेले पत्र त्याला लिहावे लागले नसते.

मंडळीनेही हे जुन्या काळापासून ओळखले आहे. 'दिदाखे' म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण या नावाची अगदी आरंभीच्या मंडळीची एक छोटी पुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये सापडली. तिच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे की ज्याचे आपल्या सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत भाकर मोडण्याच्या सभेला येऊ नये. १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाआधीच्या बोधात हेच आहे, आणि भरपाई करण्याची तयारी ठेवा असेही आहे. माझ्या एका कॅथलिक मित्राने मला त्यांच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातला १४५९ क्रमांकाचा परिच्छेद दाखवला. पापकबुलीनंतर मिळणारी क्षमा पाप दूर करते, पण पापाने केलेली सगळी मोडतोड तिने भरून निघत नाही, असे तिथे म्हटले आहे. मग उदाहरणे आहेत : चोरलेली वस्तू परत करणे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा चांगले करणे, इजेची भरपाई देणे. त्यातले मधले उदाहरण वाचून मी पुस्तक मिटले.

कारण मी भावाचे चांगले नावच तर हिरावून घेतले होते. क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला आपल्याला माहीत आहे. राजाने त्याला दहा हजार तालंतांचे देणे सोडले. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. मी मांडून पाहिले, सहा कोटी दिवसांची मजुरी होते, म्हणजे दीड लाखाहून जास्त वर्षांची. तेवढे सुटल्यावर तो बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हा दाखला वाचताना मला त्या चाकराचा पूर्वी संताप येत असे. त्याचे निदान शंभर दीनार खरेच येणे होते. माझ्या भावाकडे माझे काहीच येणे नव्हते.

त्या रविवारी दुपारी मी पावती घेऊन भावाकडे गेलो. दार त्यानेच उघडले. मी उभ्यानेच पावती पुढे केली. त्याने ती वाचली. रक्कम वाचून झाल्यावरही त्याची नजर कागदावरून हलेना. वडिलांनी पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली खूण तो अंगठ्याने चाचपत होता. मी म्हणालो, "माझं चुकलं. मी तुला चोर म्हटलं, तू चोर नव्हतास." त्याने विचारले, "दादा, ही तुला कधी सापडली?"

तेव्हा खोटे बोलणे सोपे होते. आजच सापडली म्हटले असते तर तो बहुधा मला आत घेऊन गेला असता. मी म्हणालो, "चार वर्षं झाली."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आरोप केलास ते मी कधीच सोडून दिलं होतं. तुझा गैरसमज झाला, म्हटलं, कागद सापडला की तू येशील. ही चार वर्षं मी कशी सोडू ते मला सांग." माझ्याकडे उत्तर नव्हते. मी निघालो तेव्हा त्याने दाराशी येऊन एकच गोष्ट सांगितली. "ज्यांच्यासमोर म्हणालास त्यांच्यासमोर परत म्हण."

काकांकडे गेलो. थोरल्या आत्याकडे गेलो. दोघांनाही पावती दाखवली, चार वर्षांचेही सांगितले. धाकटी आत्या दीड वर्षापूर्वी वारली होती. भावाने पैसे घेतले हे मनात धरूनच ती गेली, आणि तिला मी आता काही सांगू शकत नाही. माझ्या देवाकडे मी हे रोज मांडतो. पण जो उशीर मी केला तो उशीरच आहे, प्रार्थनेने त्याची तारीख मागे जात नाही.

म्हणून लेखकांना माझी विनंती आहे. तुमचा सगळा उपदेश ज्याला दुखावले गेले त्याला आहे : तू क्षमा कर, तू विसर, तू मन मोठे कर. ज्याने दुखावले त्याला एक वाक्यही नाही. माझ्या भावाने तुमचा लेख वाचला असता तर सात वर्षे सोसल्यावर पुन्हा त्याच्याच डोक्यावर ओझे आले असते, आणि मी वाचला असता तर निश्चिंत झोपलो असतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ज्याचा अपराध झाला त्यालाही येशू जायला सांगतो हे खरे आहे. भावाने तुझा अपराध केला तर जा आणि एकांतात त्याला त्याचा दोष दाखव. लक्षात घ्या, दोष दाखव असे सांगितले आहे, पोटात घाल असे नाही. दोघांनाही उठायला सांगितले आहे, बसून वाट पाहायला कोणालाच नाही. पण दान वेदीपाशी ठेवून निघायला सांगितले आहे ते अपराध्याला.

समेटाच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवायचे प्रकार पूर्वीही झाले आहेत. पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र जेमतेम पंचवीस ओव्यांचे आहे. अनेसिम नावाच्या गुलामाला तो मालकाकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत पाठवतो, पण गुलाम म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून स्वीकार असे मालकाला सांगतो, आणि त्याचे तुला काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन, अशी हमी देतो. एवढे सुंदर पत्र. तेच पत्र दाखवून अमेरिकेत १८५० च्या पळालेल्या गुलामांच्या कायद्याच्या काळात काही धर्मोपदेशकांनी पळून आलेल्या माणसांना मालकांच्या हवाली करण्याचे समर्थन केले. 'परत पाठवतो' तेवढे घेतले, 'बंधू म्हणून' आणि 'माझ्या खात्यावर' सोडून दिले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य असताना १९८५ मध्ये तिथल्या धर्मतज्ज्ञांनी 'कैरोस' नावाचे निवेदन काढले, त्यात चर्चच्या अशाच गुळमुळीत समेटभाषेवर बोट ठेवले होते : न्यायावाचून समेट नाही.

आणि हे घरातही घडते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'प्रभूने क्षमा केली, तूही कर' असे सांगून परत पाठवले जाते तेव्हा वेदीवरची शिकवण मारणाऱ्याच्या हातात काठी म्हणून दिली जाते. तिने क्षमा केली तरी परत जाण्याचे बंधन तिच्यावर येत नाही. जक्कय नावाच्या जकातदाराला येशूने त्याच्या घरी जाऊन स्वीकारले, पण जक्कय उभा राहिला तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो असे म्हणत. आज या घराला तारण प्राप्त झाले हे येशूचे शब्द त्यानंतरचे आहेत. आपल्या प्रवचनांत हा क्रम नीट सांगितला जावा, एवढीच माझी तळमळ आहे.

हल्ली मी याकोब आणि एसाव यांची कथा पुन्हापुन्हा वाचतो, बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचे बत्तीस आणि तेहेतीस हे दोन अध्याय. याकोबाने थोरल्या भावाचा आशीर्वाद फसवून घेतला आणि वीस वर्षे मामाकडे राहिला. परत येताना भावाला भेट म्हणून त्याने पुढे कळप पाठवले : शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गाई, गाढवी. शिंगरे सोडून साडेपाचशे जनावरे होतात. तेही कळपाकळपात अंतर ठेवून, म्हणजे भावाचा राग टप्प्याटप्प्याने शमेल. मी हा हिशेब मांडून पाहिला तेव्हा मला त्याची भीती कळली. त्या रात्री तो देवाशी झगडतो, देवाला तोंडोतोंड पाहिले म्हणून त्या जागेला पनीएल नाव देतो आणि सकाळी लंगडत भावासमोर जातो. एसाव धावत येऊन गळ्यात पडतो. तेव्हा याकोब म्हणतो की तुझे मुख पाहणे हे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे. आदल्या रात्री देवाचे मुख पाहिलेला माणूस हे बोलतो, म्हणून त्याला वजन आहे.

पुढचे मात्र फारसे कोणी वाचून दाखवत नाही. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तू पुढे हो, मी मुलाबाळांच्या, गुराढोरांच्या चालीने सेईरास, तुझ्या मुलखात, येतो. आणि जातो सुक्कोथला. दोघे भाऊ पुन्हा एकत्र दिसतात ते पस्तिसाव्या अध्यायात, बापाला पुरताना. शास्त्राने ही उणीव झाकली नाही, याचा मला आधार वाटतो.

पावती आता भावाकडे आहे. त्याने मागून घेतली. महिनाभराने त्याचा पहिला फोन आला, तोही वडिलांच्या कबरीवरच्या दगडाची एक कड निसटली होती ती बसवून घेण्याबद्दल. आम्ही मिळून ते काम करवून घेतले आणि त्या दिवशी तो माझ्याशी वडिलांविषयी बोलला, पैशांविषयी नाही. आता दर रविवारी उपासनेहून आलो की मी फोन करतो. कधी तो उचलतो, कधी भावजय. ती अजून माझ्याशी बोलत नाही. "देते हं," एवढे म्हणते आणि फोन त्याच्या हातात देते. तिला चोराची बायको म्हणून सात वर्षे नातेवाइकांत वावरावे लागले, आणि तिच्याकडे मी वेगळे जाऊन अजून काही बोललेलो नाही. या रविवारी तिने फोन उचलला तर त्याला देऊ नकोस म्हणणार आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
(भावाच्या कुटुंबाचा विचार करून नाव आणि गाव छापू नये, ही विनंती.)